अपिलात नवा मुद्दा काढायचाय? आधी शेडची गोष्ट ऐका

मी ऑस्ट्रेलियात एका युनियनच्या केसेस बघतो. कामगारांशी बोलायला कंपनीच्या आवारात शिरण्यावरून वाद झाला आणि फेअर वर्क कमिशनच्या (कामगार-मालक वाद ऐकणाऱ्या तिथल्या संस्थेच्या) एकट्या सदस्यापुढे हरलो, की ऑफिसात कुणीतरी म्हणतंच, "अरे, हा मुद्दा राहिलाच! अपिलात घेऊ."

घ्या, पण आधी कॅलेंडर बघा. निकालापासून 21 दिवसांत अपिलाची नोटीस गेली पाहिजे. फेअर वर्क ॲक्ट 2009 च्या कलम 604 खाली फुल बेंचची, म्हणजे कमिशनच्याच अनेक सदस्यांच्या खंडपीठाची, परवानगीही लागते. शिवाय निकालात चूक दाखवावी लागते, आणि जे त्या सदस्यासमोर आलंच नाही त्यात तो चुकला कसा म्हणणार? घोडं इथेच अडतं.

मग स्वतःला विचारा: हा मुद्दा खाली, म्हणजे त्या एकट्या सदस्यापुढे, मांडला असता, तर समोरच्याने त्यावर साक्षीपुरावा आणला असता का? उत्तर "आणलाही असता" असं आलं तरी मुद्दा मेला समजा. हायकोर्टाने (ऑस्ट्रेलियात तेच सर्वोच्च न्यायालय) 1986 मध्ये कौल्टन विरुद्ध होलकोम्ब आणि 1988 मध्ये वॉटर बोर्ड विरुद्ध मौस्टाकास या खटल्यांत हेच बजावलंय. खालची सुनावणी म्हणजे काही सराव सामना नव्हे.

मी यात तोंडघशी पडलोय. कामगारांशी कुठल्या खोलीत बोलायचं याबद्दल कंपनीशी एकमत झालं नाही, तर कलम 492 प्रमाणे कामगार जिथे नेहमी जेवतात आणि मालकाने त्यासाठीच दिलेली आहे, अशा जागी बोलता येतं. आम्ही खाली एका छोट्या खोलीसाठी भांडलो. तिथे कुणी जेवतच नाही, असं ठरलं. अपिलात मला सुचलं, ड्रायव्हर तर यार्डातल्या शेडमध्ये डबा उघडतात! समोरचा वकील शांतपणे उठला: "हे तेव्हा विचारलं असतं, तर आम्ही यार्ड सुपरवायझरला बोलावलं असतं." दोन मिनिटांत विषय संपला. कलम 607 खाली बेंच नवा पुरावा घेऊ शकतं, पण तो त्यांच्या मर्जीचा भाग. त्या भरवशावर जाऊ नका.

निव्वळ कायद्याचा मुद्दा असेल, म्हणजे कलमातल्या शब्दांचा अर्थ, तर आशा आहे. तो लपवू नका. नोटिशीत वेगळा घालून 'हा नवीन आहे' असं सरळ लिहा, आधी का मांडला नाही ते सांगा, आणि निर्विवाद तथ्यं ट्रान्सक्रिप्टच्या (खालच्या सुनावणीच्या शब्दशः नोंदीच्या) पान नंबरासकट द्या. ट्रान्सक्रिप्ट अथपासून इतिपर्यंत स्वतः वाचा. एकदा त्यात आमच्याच वकिलाने नेमका उलटा मुद्दा कबूल केलेला निघाला. तो निस्तरता येत नाही.

मुद्दा मेलाच, तरी या वादांत एक सोय असते: पुन्हा आवारात जाता येतं. चर्चेसाठी जायला किमान 24 तास आणि जास्तीत जास्त 14 दिवस आधी नोटीस पुरते. अपील हरल्यावर आम्ही नवी नोटीस दिली आणि सोबतच्या पत्रात शेडचं नाव घातलं. या वेळी तीन ड्रायव्हर साक्षीला तयार ठेवले होते. कंपनीने दुसऱ्याच दिवशी कळवलं, शेड चालेल.