मोटर थेट आर्डुइनोच्या पिनला लावू नका
रोबोटिक्स शिकायला घेतलं की पहिली चूक हमखास इथेच होते, मोटर थेट आर्डुइनोच्या, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या, पिनला जोडायची. आर्डुइनोच्या उनो R3 या बोर्डाची एक पिन आरामात देते ती जेमतेम 20 मिलिअँपिअर, आणि छोटी डीसी मोटरसुद्धा सुरू होताना त्याच्या कितीतरी पट करंट ओढते, मग बोर्ड सारखा रिसेट होतो नाहीतर पिनच जळते. मध्ये मोटर ड्रायव्हर, म्हणजे पिनच्या हलक्या सिग्नलवर मोटरला बॅटरीचा मोठा करंट देणारं सर्किट, लावा, मोटरला बॅटरी वेगळी द्या, आणि हे मात्र अजिबात विसरू नका, आर्डुइनो आणि बॅटरी दोन्हीकडच्या ग्राउंड वायर (ऋण बाजूच्या, GND) एकमेकींना जोडलेल्या हव्यात, नाहीतर कोड बरोबर असूनही मोटर नुसती थरथरते किंवा ढिम्म हलत नाही आणि आपण तासन्‌तास प्रोग्रॅममध्येच चूक शोधत बसतो. आधी एकच चाक नीट फिरवून बघा, सेन्सर नंतर.