ट्रॅव्हलर्स चेकची सही जुळेना: माझा अनुभव

शंभर डॉलरचा ट्रॅव्हलर्स चेक (आधीच पैसे भरून घेतलेला, परदेशात वटवायचा चेक), सोबत पासपोर्ट, तरी सिंगापूरच्या बँकेच्या काउंटरवरून परत. सही जुळत नाही म्हणे! दुसरी शाखा गाठली, तेच. अर्धा दिवस डोक्याला ताप.

चूक माझीच. ठाण्यात, नौपाड्यात चेक विकत घेताना त्यावरच्या दोन सह्यांपैकी वरची मराठीत केली होती, शेवटचा ‘र’ लांब ओढून; पासपोर्टवरही तीच. खालची मात्र आदल्या रात्री हॉटेलात इंग्रजीत ठोकून ठेवली. ती चेक वटवून देणाऱ्याच्या डोळ्यांदेखतच करायची असते.

मग आधी पासपोर्ट उघडून ठेवला. चेक उलटा करून ‘मागे पुन्हा सही करू का?’ विचारलं. काउंटरवरच्या बाई हो म्हणाल्यावर त्यांच्यासमोर, वरची बघत, तसाच ‘र’ ओढला. त्यांनी ताडून पाहिलं, पैसे मोजले.

उरलेल्या चेकांवरची खालची जागा कोरीच ठेवली.