चियांग माईत मुलांसाठी पूलवालं छोटं हॉटेल निवडताय? या चुका टाळा

डिसेंबरातली सकाळ, साडेसातची वेळ. दोन्ही मुलं आदल्या रात्री हट्टाने पोहण्याचे कपडे घालूनच झोपली होती. उठल्या उठल्या धावत पूलपाशी गेली आणि धाकट्याने पाण्यात पाय घालून जो काढला, तो पुढचे चार दिवस परत घातला नाही. पाणी माठातलं वाटावं इतकं गार. हॉटेल वाईट नव्हतं. खोली स्वच्छ, मालकीणबाई प्रेमळ, फोटोतला निळाशार पूलही खरोखरच होता. फक्त तो इमारतीच्या सावलीत होता, दुपारचा तासभर सोडला तर त्याच्यावर ऊन पडत नव्हतं. आणि थायलंड म्हणजे बारा महिने उकाडा, असं आम्ही घरबसल्या ठरवून टाकलं होतं.

पुढे आणखी दोनदा उत्तर थायलंडला जाणं झालं, आणि नणंदेसाठी, मैत्रिणींसाठी हॉटेलं शोधून देण्याचं काम आपसूक माझ्याकडे आलं. त्यातून एक ठोकताळा पक्का झाला: मुलं बरोबर असतील तर हॉटेल निवडायचं ते दुपार डोळ्यांपुढे ठेवून. सकाळी देवळं आणि संध्याकाळी बाजार सगळेच करतात. मधले बारा ते चार, ऊन डोक्यावर, मुलं कावलेली, आजी थकलेली, तेव्हा पूल कामाला येतो. त्या वेळात हॉटेलवर परत येता येईल का, आणि आलो तर पाण्यात उतरता येईल का, एवढंच बघायचं.

महिना न बघता पूल बघणं

चियांग माई समुद्रापासून लांब, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात आहे. डिसेंबर-जानेवारीत दिवसा अठ्ठावीसच्या आसपास छान ऊन असतं, पण रात्री पारा पंधरापर्यंत उतरतो. छोट्या हॉटेलांत पाणी तापवायची सोय सहसा नसते, त्यामुळे रात्रभर गार पडलेलं पाणी दुपारपर्यंत तसंच राहतं. नाताळच्या सुट्टीत जात असाल तर पूल उघड्यावर आहे ना, त्याच्यावर ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, हे विचारा. प्रश्न विचित्र वाटेल, विचाराच.

दुसरं टोक मार्चचं. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत शेतातला पाला आणि जंगलं जळत असतात, आणि खोलगट खोऱ्यात तो धूर कोंडून राहतो. मार्चमधल्या काही दिवशी चियांग माईचं नाव जगातल्या सर्वांत प्रदूषित हवेच्या शहरांच्या यादीत वरच्या रांगेत असतं. शहरातून एरवी सहज दिसणारा दोई सुथेप डोंगर अक्षरशः गायब होतो. अशा हवेत मुलांना उघड्यावर तासन्‌तास पोहायला सोडायचं नाही, मग पूल कितीही सुंदर असो. या दिवसांत खोली स्वस्त मिळते, आणि का स्वस्त मिळते ते कुणी सांगत नाही. जायचंच असेल तर खोलीत हवा शुद्ध करणारं यंत्र आहे का, हे बुकिंगच्या आधी विचारून घ्या.

आपल्या शाळांच्या सुट्ट्यांशी जुळवायचं तर दिवाळीची सुट्टी मला सगळ्यांत बरी वाटते. पाऊस ओसरलेला, पाणी अजून गार पडलेलं नाही. मात्र लॉय क्राथोंग हा तिथला सण बहुधा आपल्या त्रिपुरी पौर्णिमेलाच येतो. आपण दिवे सोडतो, तेही पाण्यात दिवे सोडतात. चियांग माईत त्याच सुमारास यी पेंग असतो, आकाशात कंदील सोडण्याचा सण. त्या आठवड्यात खोल्या महिनोन्‌महिने आधी भरतात आणि दर चढतात. तारखा आपल्याच कालनिर्णयात बघा आणि मग ठरवा. एप्रिलच्या १३ ते १५ तारखांना सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा सण असतो. तेव्हा अख्खं शहर रस्त्यावर पाणी उडवत असतं, त्यामुळे पुलाची तशी गरजच उरत नाही.

दुरून डोंगर साजरे

भातखाचरांच्या कडेला पूल, मागे धुकट डोंगर. असे फोटो बहुतेक मे रिम किंवा हांग दोंगकडचे असतात. ही ठिकाणं शहराबाहेर आहेत. तिथे राहायचं आणि रोज जुनं शहर बघायला यायचं, असा बेत केला की सकाळी नऊला निघालेलं कुटुंब रात्री आठलाच परत येतं. तोवर पूल बंद झालेला असतो. म्हणजे पैसे पुलाचे मोजायचे आणि दुपार काढायची मॉलच्या खाद्यपदार्थांच्या मजल्यावर. आमच्या एका मैत्रिणीने नेमकं हेच केलं. तिच्या मुलीला त्या सहलीतलं आइस्क्रीमचं दुकान तेवढं आठवतं.

जुनं शहर म्हणजे खंदकाने वेढलेला चौकोन, एकेक बाजू साधारण दीड किलोमीटर. राजा मंगराईने १२९६ साली वसवलेलं हे शहर आजही पायी फिरण्याजोगं आहे. खंदकाच्या आत किंवा अगदी लगत राहिलात तर देवळातून हॉटेलवर यायला लाल सोंगथेव (मागे बाकं असलेली शेअर गाडी) किंवा ग्रॅबने (ॲपवरून बोलवायची टॅक्सी) दहा-पंधरा मिनिटं पुरतात. दुपार वाचते. डोंगर-भातशेतीची हौस असेल तर मुक्काम तोडा: तीन रात्री शहरात, शेवटच्या दोन रात्री बाहेर, आणि त्या दोन दिवसांत कुठेही जायचं नाही. मात्र लाल सोंगथेव शहरात फिरतात, त्यामुळे बाहेरच्या हॉटेलातून ये-जा कशी करायची, ते आधीच ठरवा.

नकाशावर खूण बघताना गल्लीही बघा. था पे दरवाजा आणि नाइट बझार यांच्यामधला लोई क्रॉ रस्ता बारसाठी प्रसिद्ध आहे. तिथलं हॉटेल नकाशावर अगदी मोक्याचं दिसतं, रात्री अकरा वाजता खिडकीखाली काय चालतं ते दिसत नाही. विमानतळ शहराला चिकटून, नैर्ऋत्येला आहे. निम्मान या शहरातल्या वस्तीच्या काही भागांत विमानं डोक्यावरून जातात. मुलांना त्याची गंमत वाटते, दुपारी झोपणाऱ्या बाळाला नाही. आणि रविवारी संध्याकाळी पोहोचत असाल तर लक्षात ठेवा, राचदामनोन रस्ता बाजारासाठी वाहनांना बंद असतो. आम्ही दोन बॅगा, एक झोपलेलं पोर आणि सासूबाई अशी वरात घेऊन त्या गर्दीतून अर्धा किलोमीटर चाललो आहोत. सासूबाईंनी वाटेत तीन पर्स घेतल्या, हा भाग वेगळा.

खोली विचारली, खोलीची खोली नाही

म्हणजे पुलाची. ही चूक मला सगळ्यांत गंभीर वाटते.

छोट्या हॉटेलांत जागा कमी, त्यामुळे पूल बरेचदा सगळीकडे सारखाच खोल असतो, सव्वा मीटर, कधी दीड. उथळ टोक नसतंच. चार वर्षांचं मूल साधारण एक मीटर उंच. म्हणजे त्याच्यासाठी हा पूल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बुडण्याइतका खोल. फोटोत पायऱ्या दिसतात आणि आपण समजतो की उथळ भाग आहे. आणि जीवरक्षक? आठ-दहा खोल्यांच्या हॉटेलात तो नसतो, तिथली एकच मुलगी स्वागतकक्ष, नाश्ता आणि चाव्या सांभाळत असते. दंडाला लावायचे हवेचे फुगे म्हणजे खेळणं. पोहता न येणारं मूल पाण्यात असेल तर मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर पाण्यातच राहायचं, काठावर मोबाइल घेऊन नाही.

खोलीचं दार उघडलं की थेट पाणी, अशा तळमजल्याच्या खोल्या महाग असतात आणि फोटोत फार भुरळ घालतात. पाच-सहा वर्षांखालचं मूल असेल तर त्या घेऊ नका. पहाटे आपल्याआधी जागं होणाऱ्या पोराला सरकतं दार उघडायला किती वेळ लागतो? वरच्या मजल्यावरची खोली मागा. मग बाल्कनीच्या कठड्याच्या फटी आणि सागवानी जुन्या घरांतले उभे जिने बघावे लागतात, पण ते निदान समोर दिसतात.

आम्ही आता हॉटेलला लाइनवर निरोप पाठवतो. थायलंडमध्ये व्हॉट्सॲपपेक्षा लाइन जास्त चालतं. पुलाची खोली किती, उथळ टोक आहे का, वेळ काय, आणि आज दुपारी तीनचा एक फोटो पाठवाल का? एका मालकीणबाईंनी तर कामावरच्या पोरालाच पाण्यात उभं करून फोटो पाठवला, पाणी त्याच्या कमरेच्या जरा वर. खाली लिहिलं होतं, त्याची उंची १६८. बुकिंग तिथेच झालं. फोटो पाठवायला जे टाळाटाळ करतात, त्यांच्या पुलाचं काम बहुतेक वेळा चालू असतं.

पोहोचल्यावर पहिलं काम: काठावर उभं राहून तळाच्या फरशा स्पष्ट दिसतात का ते बघणं. पाणी गढूळ किंवा हिरवट असेल तर मुलांना उतरवू नका, हॉटेलला सांगा आणि सकाळपर्यंत थांबा. पोहण्याचे कपडेही नीट न्या. सुती टी-शर्ट, बर्मुडा, पंजाबी ड्रेस घालून उतरू देत नाहीत. आमच्या आईने "टँकवर जाताना एवढं काय लागतं" म्हणत सगळ्यांसमोर वाद घातला होता. लांब बाह्यांचे नायलॉनचे पोशाख आपल्याकडेही मिळतात आणि ते चालतात.

मुलांची वयं न सांगता बुकिंग

दोन मोठ्यांची खोली घेऊ, मुलं कुठेही झोपतील, हे आपलं घरगुती गणित तिथे चालत नाही. चियांग माईतली बरीच छोटी, देखणी हॉटेलं बारा वर्षांखालच्या मुलांना घेतच नाहीत, आणि ही अट पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असते. बाकीच्यांत जादा गादीचे आणि मुलांच्या नाश्त्याचे पैसे वेगळे. 'कौटुंबिक खोली' म्हणजे कुठे दोन जोडखोल्या, कुठे एक डबल पलंग आणि एक बाकडं. शोधताना मुलांची वयं भराच.

दराच्या पुढे दोन अधिक चिन्हं असली तर त्याचा अर्थ १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर ७ टक्के व्हॅट. म्हणजे २,००० बाटची खोली २,३५४ बाटला पडते. पाच रात्रींत फरक बराच होतो.

मोठ्या पुलाच्या मोहात फ्लॅट

गच्चीवर पंचवीस मीटरचा पूल, स्वयंपाकघर, कपडे धुण्याचं यंत्र, आणि भाडं हॉटेलपेक्षा कमी. निम्मानच्या आसपास असे फ्लॅट दिवसावर देतात. थायलंडच्या २००४ च्या हॉटेल कायद्यानुसार परवाना नसताना तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीने असं भाड्याने देणं बेकायदा आहे, आणि कित्येक इमारतींच्या लॉबीत तशी पाटीच लावलेली असते. पहारेकऱ्याने पूल वापरू दिला नाही तर तक्रार कुणाकडे करणार? एक-दोन महिने राहायचं असेल तर गोष्ट वेगळी.

नदीकाठ आणि वळणं

पिंग नदीकाठची हॉटेलं मला आवडतात, पण सप्टेंबर-ऑक्टोबरात तळमजला घेऊ नका. २०२४ च्या ऑक्टोबरात पिंगला मोठा पूर आला आणि नाइट बझारच्या भागातही पाणी शिरलं.

पाय नावाच्या गावी (हो, नाव तसंच आहे) फार सुंदर छोटी हॉटेलं आहेत. चियांग माईहून तिथे जाणाऱ्या रस्त्यावर ७६२ वळणं आहेत, हा आकडा तिथे टी-शर्टवरही छापतात. गाडी लागणाऱ्या मुलाला घेऊन एका रात्रीसाठी जाऊ नका. हिवाळ्यात पायच्या रात्री शहराहून गार, त्यामुळे पुलाचा विचार तिथे सोडून द्यायचा.

जेवणाचं थोडक्यात: छोट्या हॉटेलात नाश्ता म्हणजे अंडी, टोस्ट, भाताची पेज. शाकाहारी म्हटलं तरी फिश सॉस पडतोच. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांतलं 'जे' दिसलं की निर्धास्त आत शिरा. तिथे मांस-मासे नाहीतच, शिवाय कांदा-लसूणही नसतो.

जाऊन पोहोचलात आणि फसलात तर

सामान उघडायच्या आधी बोला. बुकिंगमधला फोटो दाखवा, आवाज न चढवता. चढ्या आवाजाला तिथे फार वाईट मानतात, काम होत असलं तरी अडतं. खोली बदलून मागा, नाहीतर उरलेल्या रात्री रद्द करायला सांगा. म्हणूनच अनोळखी हॉटेलात पाच रात्रींचे पैसे आधी भरू नयेत, फुकट रद्द करता येणारा दर थोडा महाग पडला तरी घ्यावा.

हॉटेल ठीक पण पूल बाद, असं झालं तर दुपार दुसरीकडे काढता येते. काही मोठी हॉटेलं बाहेरच्यांना पैसे घेऊन दिवसभर पूल वापरू देतात. शहराच्या उत्तरेला सातशेव्या वर्धापनदिनाच्या नावाचं स्टेडियम आहे, १९९५ च्या आग्नेय आशियाई खेळांसाठी बांधलेलं. तिथे मोठा तरणतलाव आहे, पोहता येणाऱ्या मुलांना घेऊन जा. लहानांसाठी हुए तुंग ताव तळ्याकाठच्या बांबूच्या झोपड्या बऱ्या: सावली, चटई, जेवण जागेवर.

शेवटच्या दिवसाची दुपारही विसरू नका. खोली बारा वाजता सोडायची आणि विमान रात्रीचं, हे नेहमीचंच. त्यानंतर पूल वापरता येईल का आणि आंघोळीला, कपडे बदलायला वेगळी जागा आहे का, हे बुकिंगच्या वेळीच विचारून ठेवा. आम्ही विचारलं नव्हतं. बँकॉकला विमान बदलेपर्यंत धाकट्याची ओली चड्डी माझ्या पर्समध्ये, पासपोर्टांच्या शेजारी होती.