मेनफ्रेमवर पोर्टिंग सुरू करण्याआधी: प्रोसेसरचा स्पीड कुठून घ्यायचा त्याची तयारी

आयबीएमच्या मेनफ्रेमवरच्या लिनक्सवर, म्हणजे एस३९०एक्सवर, आपलं सॉफ्टवेअर न्यायचं ठरलं की सगळ्यात आधी सोर्समध्ये ग्रेप मारा, म्हणजे शब्द शोधा. सीपीयू मेगाहर्ट्झ, बोगोमिप्स (कर्नल सांगतो तो वेगाचा ढोबळ आकडा), आरडीटीएससी (एक्स८६चा टाइमस्टॅम्प काउंटर वाचणारी इन्स्ट्रक्शन), सीपीयूफ्रेक (लिनक्सचा सीपीयूचा वेग सांभाळणारा भाग) हे कुठं कुठं येतंय ते बघा आणि प्रत्येक जागेसमोर लिहून ठेवा की ह्या कोडला स्पीड नेमका कशाला हवाय. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचं सगळं ह्याच्यावरच ठरतं, कारण बऱ्याच ठिकाणी प्रोग्रामला स्पीड नकोच असतो, त्याला वेळ मोजायचा असतो नाहीतर मशीन किती काम ओढेल ह्याचा अंदाज हवा असतो, आणि एक्स८६वर हे सगळं त्याच एका आकड्यावर निभावून जातं म्हणून कुणी वेगळं लिहिलेलंच नसतं.

वेळ मोजणारा कोड आधी हातात घ्या, खरा धोका तिथंच आहे. आरडीटीएससीच्या जागी लोक सरळ एसटीसीके ही इन्स्ट्रक्शन टाकतात, कंपाइल होतं, चालतंही. पण एसटीसीके प्रोसेसरच्या सायकल मोजतच नाही, ती टीओडी क्लॉक, म्हणजे मशीनचं दिवस-वेळेचं घड्याळ वाचते, आणि त्या घड्याळाचा ५१ नंबरचा बिट दर मायक्रोसेकंदाला एकने वाढतो, म्हणजे आलेल्या आकड्याला ४०९६ने भागलं की मायक्रोसेकंद मिळतात, मशीन जुनं असो की नवं. आता वर एसटीसीके आणि खाली भागायला सीपीयूइन्फो ह्या लिनक्सच्या माहितीच्या फाइलमधले ५२०० मेगाहर्ट्झ असं झालं तर एक सेकंद ०.७९ सेकंद दिसतो. क्रॅश नाही, एरर नाही, बेंचमार्क २१ टक्के चांगला आला म्हणून सगळे खूश. म्हणून क्लॉक_गेटटाइम मोनोटॉनिक, म्हणजे कधी मागे न जाणारं सिस्टमचं घड्याळ वापरा, ते पुरतं. अगदीच खालच्या पातळीवर जायचं असेल तर एसटीसीकेएफ घ्या, आयबीएमच्या झेड९ मेनफ्रेमपासून आहे आणि एसटीसीकेपेक्षा हलकी, आणि भागाकार ४०९६नेच. एक सेकंद स्लीप घेऊन आकडा तपासणारी टेस्ट आजच लिहून टाका. कच्चा ६४ बिटी आकडा तारीख म्हणून कुठं साठवत असाल तर तेही काढा, तो १७ सप्टेंबर २०४२ला भरून परत शून्यावर येतो.

मग ज्या मशीनवर आणि ज्या कर्नलवर चालवायचंय तिथली /प्रोक/सीपीयूइन्फो जशीच्या तशी मागवून घ्या आणि टेस्टमध्ये ठेवा, स्वतःच्या लॅपटॉपवरून अंदाज बांधू नका. इथं प्रोसेसरची ओळ "प्रोसेसर ०: व्हर्जन = ..., मशीन = २९६४" अशी येते, शब्दानंतर लगेच कोलन नाही, त्यामुळे "प्रोसेसर कोलन" मोजणारा पार्सर शून्य सीपीयू सांगतो आणि पुढं कुठंतरी शून्याने भागाकार होतो. सीपीयूंची संख्या सिसकॉन्फ ह्या सिस्टम फंक्शनला विचारा, विषय संपला. मेगाहर्ट्झच्या ओळी दोन असतात, डायनॅमिक आणि स्टॅटिक, आत्ताचा वेग आणि नेहमीचा वेग. जुन्या कर्नलमध्ये ह्या ओळी नसतातच. सीपीयूफ्रेकची फोल्डर शोधू नका, इथं ती नाही. एलपारला, म्हणजे मेनफ्रेमच्या वाटून दिलेल्या भागाला, हार्डवेअर सॅम्पलिंगची परवानगी असेल तर /प्रोक/सर्व्हिस_लेव्हल्समध्येही सीपीयू_स्पीड दिसतो.

बोगोमिप्सवर कुठलाही टाइमआउट किंवा थ्रेडचा हिशोब अवलंबून असेल तर तो आत्ताच तोडा. इथं तो लूप फिरवून मोजलेला नसतो, मशीन स्वतःची जी कॅपेबिलिटी (क्षमतेचा आकडा) सांगतं त्यावरून काढलेला असतो, आणि खूप जुन्या मशीनवर ही माहितीच नसेल तर कर्नल सरळ ४२ सांगतो.

मशीन किती काम ओढेल हे हवं असेल तर /प्रोक/सिसइन्फो वाचा, टाइप, मॉडेल, कॅपेबिलिटी सगळं तिथं आहे, फक्त कॅपेबिलिटी उलटी वाचायची, आकडा जितका लहान तितकी मशीनची ताकद जास्त. गिगाहर्ट्झवरून ताकद ठरवू नका हे मी प्रत्येकाला सांगतो, कारण २०१२चं झेडईसी१२ मेनफ्रेम ५.५वर चालायचं आणि २०१५चं झेड१३ ५.० गिगाहर्ट्झवर आलं, तरी नवं मशीन जास्त काम करत होतं, कॅश, पाइपलाइन, कोर सगळंच बदललं होतं.

त्याच सिसइन्फो फाइलमध्ये खाली एलपार आणि झेड/व्हीएम किंवा केव्हीएम (व्हर्च्युअल मशीन चालवणारे प्रोग्राम) ह्यांच्या ओळी असतात, त्या वगळू नका. शेअर्ड प्रोसेसर असेल, वरून वेट (वाट्याचं प्रमाण) आणि कॅपिंग (कमाल मर्यादा) लावलेलं असेल, तर ५२०० मेगाहर्ट्झ खरे असूनही तुमच्या वाट्याला त्यातला थोडाच भाग येतो, आणि हे टॉप कमांडमधल्या स्टील टाइममध्ये, म्हणजे सीपीयू दुसऱ्यांकडे असताना वाट बघण्यात गेलेल्या वेळात दिसतं. सिस्टम प्रोग्रामरला आधीच फोन करून विचारा की आयएफएल (लिनक्ससाठीचे प्रोसेसर) डेडिकेटेड आहेत का शेअर्ड, कॅप आहे का, आणि सायकल मोजणारे हार्डवेअर काउंटर वापरायला एलपारला परवानगी आहे का, कारण ती परवानगी एलपारच्या प्रोफाइलमध्ये द्यावी लागते आणि ती मिळवायला मोठ्या ऑफिसात वेळ जातो. परवानगी असली की पर्फ ह्या लिनक्सच्या टूलने खऱ्या सायकल मोजता येतात.

कोड झेड/ओएसवर, म्हणजे मेनफ्रेमच्या आयबीएमच्या स्वतःच्या ऑपरेटिंग सिस्टमवर न्यायचा असेल तर /प्रोकची ही वाट धरूच नका, तिथं सीव्हीटी ह्या सिस्टमच्या मुख्य टेबलवरून आरएमसीटी ह्या दुसऱ्या टेबलपर्यंत जायचं आणि आरएमसीटीएडीजेसी हे फील्ड घ्यायचं, १,६०,००,००० भागिले तो आकडा म्हणजे सेकंदाला किती सर्व्हिस युनिट (सीपीयूचं काम मोजायचं एकक). कपॅसिटीची सगळी बोलणी तिथं ह्याच भाषेत आणि एमएसयूमध्ये (तासाला दहा लाख सर्व्हिस युनिट) होतात.

हातात मशीन नसेल तर क्यूईएमयू किंवा हर्क्युलिस ह्या मेनफ्रेमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर पार्सर आणि बिग एंडियनच्या (आकड्याचा मोठा बाइट आधी ठेवण्याच्या पद्धतीच्या) टेस्ट बिनधास्त चालवा, स्पीडचे आकडे मात्र तिथले घेऊ नका. आणि माहिती मिळालीच नाही तर स्पीड सांगणाऱ्या तुमच्या फंक्शनने काय परत द्यायचं हे टीमने आत्ताच ठरवून घ्या. माझं मत स्पष्ट आहे, "माहीत नाही" असंच परत द्या, गुपचूप १००० मेगाहर्ट्झ धरू नका, आणि ते फंक्शन बोलावणाऱ्या प्रत्येक कोडमध्ये त्या उत्तराचं काय करायचं तेही लिहा.