कांट (जर्मन तत्त्वज्ञ) घेऊन गर्भपातावर उत्तर लिहायचंय? नवीन पोरापोरींसाठी माझा अनुभव

मी एमए तत्त्वज्ञान घेऊन केलंय आणि सध्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत यूपीएससीवाल्यांचे एथिक्सचे (नीतिशास्त्राचे) पेपर तपासतो. गर्भपाताचा प्रश्न आला की दर दुसऱ्या पेपरात एक वाक्य असतंय, "कांटच्या मते गर्भपात म्हणजे हत्या, म्हणून अनैतिक". झालं, विषय संपला! आता कांटच्या नीतिशास्त्राच्या मुख्य ग्रंथांत गर्भपातावर असा निकाल कुठं नाहीच. जवळ जाणारी एक जागा 1797 च्या ग्रंथात सापडते, तीपण जन्मलेल्या बाळाबद्दल. लग्नाशिवाय झालेलं मूल आईनं मारलं तर तिला देहदंड द्यावा का, असा तो प्रश्न, आणि तिथं हा एवढा मोठा माणूस असं मूल राज्यात चोरट्या मालासारखं घुसलेलं असतंय असं लिहून जातो. म्हणजे कांटचं नाव घेतलं की पोराचा जीव आपोआप वाचला असं काही नसतंय.

मग करायचं काय, तर आधी 'व्यक्ती' कोण ते मिटवा. कांट मान देतो तो विवेकी, स्वतःचा नियम स्वतः घालू शकणाऱ्या माणसाला, आणि हे धरून बरेचजण खुशाल लिहितात की गर्भ त्यात बसत नाही, सबब कर्तव्य नाही. पण भावा, त्या हिशोबानं काल सीपीआर दवाखान्यात जन्मलेलं बाळसुद्धा बसत नाही की! मग 'पुढं विवेकी होणार आहे' हा मुद्दा आणावा लागतो, आणि तो आणला की तो गर्भालापण लागू होतोय. ही अडचण पेपरात दाखवली तरी निम्मं काम झालं, ती सोडवलीच पाहिजे असं काही नाही.

माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका, हे कांटचं 1785 चं सूत्र तर सगळ्यांना पाठ असतं. पण ते दोन्हीकडनं चालतं हे ध्यानात घ्या. सासूला नातू बघायचाय म्हणून सुनेला नकोसं बाळंतपण गळ्यात मारलं तर ती साधन झाली, आणि गर्भाला व्यक्ती मानलं तर तो आपल्या सोयीसाठी काढून टाकणंपण त्याच सूत्रात अडकतं.

खरी मजा इथनं पुढं आहे. ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी 1971 मध्ये (आपला गर्भपाताचा कायदापण त्याच सालचा) म्हटलं की बरं, गर्भ व्यक्ती आहे असंच धरून चालू. तुम्ही झोपेतनं उठता तर एक आजारी व्हायोलिनवादक तुमच्या किडनीला जोडलेला, नऊ महिने तसंच पडून राहिलात तर तो जगणार. राहायला तुम्ही बांधील आहात का? कांटच्या भाषेत दुसऱ्याला मदत करणं हे अपूर्ण कर्तव्य, म्हणजे कधी, कुणाला, किती यात मोकळीक असते, आणि आपलं शरीर देणं तर लय लांबची गोष्ट. इथपर्यंत पोरं येतात आणि थांबतात. उलट बाजूलापण कांटच आहे हे फार कमी जणांना माहिती असतं, कारण त्याच 1797 च्या ग्रंथात तो म्हणतो की आईबापांनी एका व्यक्तीला तिला न विचारता जगात आणलेलं असतं म्हणून तिचं नीट करायची जबाबदारी त्यांच्यावर पडते. व्हायोलिनवाल्याला तुम्ही आणलेलं नव्हतं. बलात्कारातनं दिवस गेले असतील तर हा मुद्दा आईला लागू होत नाही, आणि हा फरक ज्यानं लिहिला त्याला मी हात आखडून मार्क देत नाही.

नियम सगळ्यांना लावून बघायची कांटची कसोटी मात्र नुसत्या 'गर्भपात करावा का' या मापाच्या वाक्यावर लावू नका, काहीच निघत नाही. "मुलगी असेल तर पाडायचं, वंशाला मुलगाच पाहिजे" हे घ्या. सगळ्यांनी तेच केलं तर त्या वंशाच्या दिव्याला बायको कुठनं आणणार? नियम स्वतःचाच हेतू खाऊन टाकतो. कोल्हापूरकरांना हे पुस्तकातनं शिकायची गरज नाही, 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं इथं 839 मुली होत्या, त्यानंतर सोनोग्राफी मशीनना सायलेंट ऑब्झर्व्हर (तपासणीची नोंद ठेवणारं यंत्र) बसवायची वेळ आली. पण यातनं सिद्ध होतं ते लिंगनिवडीबद्दल, सगळ्या गर्भपाताबद्दल नाही. दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरू नका.

केस स्टडीत कायदा येणारच. 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, ठराविक स्त्रियांसाठी 24 पर्यंत दोघांचं, सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. एवढं पुरे, कायद्यात आहे म्हणून नैतिक असं लिहायचं नाही. मी सरावाला देतो ती केस अशी की सतरा वर्षांची मुलगी, संबंध तिच्या मर्जीनं, आईबरोबर डॉक्टरकडं आलीय आणि नाव बाहेर जाऊ देऊ नका म्हणतीय. पोक्सोखाली (अठराच्या आतल्या मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखणारा कायदा) पोलिसांना कळवणं डॉक्टरला बंधनकारक, इकडं पेशंटचं गुपित. 2022 च्या निकालात सुप्रीम कोर्टानं मुलगी आणि पालक म्हणतील तर कळवताना ओळख सांगायची गरज नाही असा मार्ग काढला. अशा ठिकाणी कांटपेक्षा डब्ल्यू. डी. रॉस हा ब्रिटिश तत्त्वज्ञ कामाला येतो, त्याच्याकडं बरीच प्रथमदर्शनी कर्तव्यं (दुसरं जड कर्तव्य आड येत नाही तोवर पाळायची) आहेत आणि प्रसंग बघून कुठलं जड ते ठरवायचं. जे मागं पडलं ते मेलं असं नसतं, त्याचं देणं राहतंच, म्हणून शेवटच्या दोन ओळीत डॉक्टर त्या मुलीसाठी पुढं काय करणार (समुपदेशन, परत तपासणीला बोलावणं) ते लिहा, 250 शब्दांत आरामात बसतंय.