आधी बोटं, मग तोंड: एफवायच्या वर्गाला बोलतं कसं करायचं

सोमवार, सकाळचे सव्वाआठ. एफवाय बीएस्सीचा वर्ग. हजेरीपटावर ९२ नावं, बाकांवर साठेक मुलं, उरलेली अजून एसटीत. मी न्यूटनचा तिसरा नियम (एक वस्तू दुसरीवर जेवढं बल लावते, तेवढंच बल दुसरी पहिलीवर उलट दिशेने लावते) फळ्यावर लिहिते आणि विचारते, "समजलं?" साठ माना एकदम हलतात. "काही शंका?" पंख्याचा खडखडाट तेवढा ऐकू येतो. पुढच्या आठवड्यात चाचणीत तोच नियम जरा तिरका करून विचारला की निम्म्याहून जास्त उत्तरं चूक.

पहिली दहा-बारा वर्षं मी या शांततेला शिस्त समजत होते. नंतर वैतागून मुलांचा आळस समजायला लागले. दोन्ही चूक. मुलं गप्प बसतात कारण सगळ्यांदेखत चुकणं त्यांना फार महागात पडतं. त्यातून दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकलेली मुलगी इंग्रजी वाक्यात अडखळली आणि मागच्या बाकावरून खुसखुस आली, की ती पुढे वर्षभर तोंड उघडत नाही. म्हणजे चुकणं स्वस्त कसं करायचं, एवढाच प्रश्न उरतो. तालुक्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवताना मला जे जमलं ते इथे लिहिते आहे. तासिका तत्त्वावर नव्याने लागलेल्यांना बहुतेक एफवायच मिळतं, त्यांना याचा उपयोग व्हावा.

सुरुवात एका प्रश्नाने करा

"समजलं का?" हा प्रश्न आजपासून बंद. त्याला "हो" शिवाय उत्तर नसतं. त्याऐवजी फळ्यावर असा प्रश्न लिहा:

भरधाव एसटी रस्त्यात उभ्या असलेल्या स्कूटीवर आदळली. धडकेच्या क्षणी जास्त बल कोणावर? १) स्कूटीवर २) एसटीवर ३) दोघांवर सारखं ४) वेग माहीत नसताना सांगता येणार नाही.

एक मिनिट कोणी बोलायचं नाही. प्रत्येकाने आपलं उत्तर वहीच्या कडेला लिहायचं. लिहिणं महत्त्वाचं, नाहीतर शेजाऱ्याचं बघून मत बदलतं. मग मी "एक, दोन, तीन" म्हणते आणि सगळ्यांनी उत्तराच्या क्रमांकाइतकी बोटं दाखवायची, पण हात वर न करता, छातीशी धरून. हात वर केला की मागचे पुढच्यांचं बघतात. छातीशी धरलेली बोटं फक्त मला दिसतात. हुशार म्हणून गाजलेली मुलगी चुकली तरी कोणाला कळत नाही, आणि कधी न बोलणारा बरोबर असला तर मला तरी कळतं.

या प्रश्नाला दरवर्षी बहुतेक वर्ग एक बोट दाखवतो. इथे सगळ्यात अवघड काम आपलं असतं: चेहरा कोरा ठेवायचा. मान हलवायची नाही, हसायचं नाही, "अरे!" म्हणायचं नाही. बरोबर उत्तर सांगायचं तर मुळीच नाही. फक्त म्हणायचं, "ज्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आहे असा माणूस आसपास शोधा आणि त्याला पटवा. दोन मिनिटं. कुठल्याही भाषेत."

वर्ग पहिल्यांदा खराखुरा गजबजतो तो इथे. मी बाकांच्या मधून फिरते आणि फक्त ऐकते. एकदा खिडकीजवळच्या दोघींचं ऐकलेलं असं होतं:

"अगं, स्कूटी दहा फूट उडाली. एसटी हललीसुद्धा नाही. मग बल सारखं कसं असेल?"

"बल सारखंच आहे गं. पण एसटी केवढी जड! तेवढ्या बलाने ती काय हलणार?"

दुसरीने दोन वाक्यांत जे सांगितलं ते सांगायला मला आदल्या वर्षी वीस मिनिटं आणि अर्धा फळा लागला होता. तिला ते नुकतंच उमगलेलं, त्यामुळे मैत्रीण कुठे अडकली आहे ते तिला माझ्यापेक्षा स्पष्ट दिसत होतं. दोन मिनिटांनी पुन्हा बोटं. तीन बोटांचं पीक आलेलं असतं. त्यानंतरच मी खडू हातात घेते: एसटी दहा टनांच्या आसपास, स्कूटी शंभरेक किलो, बल तेच, मग स्कूटीचं त्वरण (वेग बदलण्याचा दर) एसटीच्या शंभर पट. हे गणित आता त्यांना हवं असतं.

ही युक्ती माझी नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर १९९०च्या सुमारास याच खड्ड्यात पडले होते. त्यांची मुलं अवघड गणितं सोडवत, आणि ट्रक व गाडीच्या साध्या प्रश्नावर चुकत. असल्या साध्या प्रश्नांची चाचणी दिली तेव्हा एका विद्यार्थिनीने त्यांना विचारलं म्हणे, की उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहू की मी एरवी विचार करते तसं? त्यातून त्यांनी ही पद्धत बसवली. त्यांचा आडाखा मी जसाच्या तसा वापरते. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तर चर्चा लावा. ७०च्या वर असतील तर दोन वाक्यं बोलून पुढे जा. ३०च्या खाली असतील तर चर्चेत आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवल्यासारखं होतं. आधी थोडं शिकवा, मग पुन्हा विचारा. एसटीचा प्रश्न बहुतेक वेळा ३०च्या खालीच असतो. तिथे मी आडाखा मोडते, कारण त्या विषयावर भांडायला मुलांना मनापासून आवडतं.

भाकीत आधी, प्रयोग नंतर

चर्चेनंतरही काही जण एका बोटावर अडून राहतात. त्यांच्यासाठी प्रयोगशाळेतून दोन ताणकाटे (स्प्रिंगचे वजनकाटे) आणा. एकमेकांत अडकवा. एक टोक वर्गातल्या सगळ्यात धिप्पाड मुलाच्या हातात, दुसरं सगळ्यात किरकोळ मुलीच्या. ओढायला लावण्याआधी सगळ्यांकडून लिहून घ्या: कोणाचा काटा जास्त दाखवेल? मग ओढा, आणि आकडे मी नाही, त्या दोघांनी मोठ्याने वाचायचे.

एक सावधगिरी. पहिल्या वर्षी मी काटे न तपासता नेले. एकाचा शून्य सरकलेला होता. मुलीच्या काट्यावर पन्नास ग्रॅम जास्त आले आणि अख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवून न्यूटनला खोटं पाडलं. आता मी मुद्दाम वर्गासमोरच शून्य जुळवते. त्यात एक मिनिट जातं, पण "उपकरणावर आधी विश्वास ठेवायचा नाही" हे प्रॅक्टिकलच्या जर्नलपेक्षा चांगलं कळतं.

पर्याय कुठून आणायचे

चांगला प्रश्न पुस्तकात क्वचित सापडतो. तो उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात असतो. पेपर तपासताना शेजारी एक वही ठेवा आणि चुका उतरवून घ्या, मुलांच्याच शब्दांत. माझ्या वहीतली एक जुनी नोंद: "चेंडू वर फेकला तर सर्वात वरच्या बिंदूला वेग शून्य म्हणून त्वरण शून्य." हे वाक्य इतक्या जणांनी लिहिलंय की तो आता कायमचा पर्याय झाला आहे. (बरोबर उत्तर: त्वरण तिथेही ९.८ मी/से², खालच्या दिशेने. ते शून्य असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.) आपण टेबलाशी बसून रचलेला खोटा पर्याय मुलांना लगेच ओळखू येतो. त्यांच्याच पोटातून आलेला पर्याय सोडवत नाही.

थांबा

प्रश्न विचारल्यावर आपण किती थांबतो? अमेरिकेत मेरी बड रो यांनी वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून मोजलं, तर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांब येऊ लागली, जास्त मुलं बोलू लागली. तीन सेकंद वर्गासमोर फार लांब वाटतात. मी पाण्याची बाटली उघडते, एक घोट घेते, झाकण लावते. तेवढ्यात पाच-सहा सेकंद जातात आणि माझं तोंडही बंद राहतं.

"कोण सांगेल?" विचारलं की वर्षभर तेच चार हात. मी रोल नंबरच्या चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या आहेत. डबा हलवल्याचा आवाज आला की मागचे बाकही वही उघडतात. पण ज्याचा नंबर आला त्याला "शेजाऱ्याशी बोलून सांगतो" म्हणायची मुभा हवीच, नाहीतर डब्याची दहशत बसते.

मोबाइल कधी काढायला सांगायचा

बोटांनी होतं त्यासाठी मोबाइल नको. हे मी चटका बसून शिकले. एका सत्रात मोठ्या हौसेने ऑनलाइन क्विझ लावली. निम्म्यांचा नेटपॅक संपलेला, हॉटस्पॉट देणाऱ्याभोवती घोळका, पाच प्रश्नांना पंचवीस मिनिटं. त्याहून वाईट म्हणजे लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण होते. थांबून विचार करणारी मुलं खाली आणि धडाधड बटण दाबणारे वर. आता क्विझ घेतलीच तर वेळेचे गुण बंद करून घेते.

नोंद ठेवायची असेल तर प्लिकर्सची कार्डं बरी. प्रत्येकाला चौकोनी नक्षीचं एकेक छापील कार्ड. ते कुठल्या बाजूने धरलं यावर उत्तर ठरतं. शिक्षकाने आपला मोबाइल वर्गावरून फिरवला की उत्तरं जमा. मुलांच्या हातात मोबाइल लागत नाही. मी ती एका प्रकरणाला एकदाच काढते. रोजच्याला बोटं पुरतात.

मोबाइल खरा शोभतो तो उपकरण म्हणून. जर्मनीतल्या आखेनच्या तांत्रिक विद्यापीठाने फायफॉक्स नावाचं मोफत ॲप केलंय. ते मोबाइलमधला माइक आणि इतर सेन्सर मोजमापासाठी वापरू देतं. एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. मी तर विमान मोडवर टाकायलाच लावते, म्हणजे व्हॉट्सॲपची कटकट नाही. पाच जणांत एक मोबाइल पुरतो. प्रयोग असा: बाकाच्या कडेबाहेर थोडी येईल अशी पट्टी ठेवायची, तिच्या टोकावर लोखंडी नट. ॲपमधलं आवाजावर चालणारं स्टॉपवॉच लावायचं. पट्टीवर चमच्याने आडवा फटका मारायचा. फटक्याच्या आवाजाने घड्याळ सुरू, नट फरशीवर आपटला की बंद. पट्टी फरशीपासून ७५ सेंटिमीटरवर असेल तर वेळ येतो साधारण ०.३९ सेकंद, आणि गुरुत्व त्वरण येतं ९.८६ मी/से².

शेजारच्या गटाचा वेळ येतो ०.४० आणि त्वरण ९.३८. लगेच भांडण: "मॅडम, यांचं चुकलंय!" सेकंदाच्या एका शंभरांशाने त्वरणात जवळपास ०.५चा फरक कसा पडला, हा प्रश्न आता त्यांचा असतो. वेळेचा वर्ग होतो (त्वरण म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळ गुणिले वेळ) हे समीकरणात दोन वर्षं दिसत होतं, कळलं ते इथे. मोजमापातल्या त्रुटींचं प्रकरण मी आता याच भांडणापासून सुरू करते.

जिथे डोळ्यांना दिसतच नाही तिथे, म्हणजे विद्युतप्रवाह, लहरी, वायूचे रेणू, कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशनं वापरा. नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. बरीच सिम्युलेशनं मराठीतही आहेत आणि पेनड्राइव्हवर घेऊन नेटशिवाय चालतात. मात्र नुसती दाखवू नका. "तार लांब केली तर दिव्याचं काय होईल?", बोटं घ्या, मग कळ फिरवा.

पीपीटीबद्दल एवढंच, की मुलं स्लाइडचा फोटो काढतात आणि मान खाली घालतात. खडूने लिहिताना मला लागणारा वेळ हाच त्यांना विचार करायला मिळणारा वेळ असतो. व्हॉट्सॲप ग्रुप ठेवा, पण त्यावर रात्री आठला एक प्रश्न, बस. गुड मॉर्निंग नको, पीडीएफचा पाऊस नको.

तक्रारी येतील

पहिल्या महिन्यात कानावर येईल: "मॅडम शिकवतच नाहीत, आम्हालाच विचारतात." मनाला लावून घेऊ नका. २०१९ मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वतः डोकं चालवावं लागलेली मुलं जास्त शिकली होती, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. गुळगुळीत व्याख्यान ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं ना, तेच. मी हे पहिल्याच आठवड्यात वर्गाला सरळ सांगून टाकते.

स्टाफरूमचा आक्षेप वेगळा असतो: "पोर्शन कसा पुरा होणार?" रास्त आहे. माझा तास ४८ मिनिटांचा, एका प्रश्नाच्या दोन फेऱ्यांना आठ-दहा मिनिटं जातात. ती मी सिद्धतांमधून कापते. पुस्तकात ओळीने छापलेली सिद्धता फळ्यावर उतरवण्यात अर्थ नाही. तिची कळीची पायरी तेवढी करायची, बाकी घरी. आणि सुरुवातीला तासाला एकच प्रश्न. तीन-तीन घ्यायला गेलात तर दिवाळीपर्यंत दमाल. प्राचार्यांनी पुरावा मागितला तर २०१४ मध्ये अमेरिकेत २२५ अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा सांगा: विज्ञान-अभियांत्रिकीच्या नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत सुमारे ३४ टक्के नापास, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२.

शेवटची तीन मिनिटं

फाडलेला अर्धा कागद, नाव लिहायचं नाही. "आज कुठे अडलं?" एवढंच लिहून दाराजवळच्या डब्यात टाकायचं. काही कोरे येतात, एकावर हमखास "पंखा दुरुस्त करा" असतं. उरलेले मी परतीच्या बसमध्ये वाचते आणि एक निवडते. मागच्या सत्रात तिसऱ्या नियमाच्या दिवशी एका चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलं होतं: "बैल गाडीला ओढतो तेवढंच गाडी बैलाला मागे ओढते, तर मग आमची गाडी शेतात जाते कशी?"

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला फळ्यावर तोच प्रश्न होता, चार पर्यायांसह. पहिल्या फेरीत चारही उत्तरांना बोटं आली. चर्चेचा आवाज ऐकून शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले. त्यांना मी खुणेनेच विचारलं, किती बोटं?