उपरी ओळ शोधा: कवीचा आवाज ओळखायला

'या कवीची शैली सांगा' म्हटलं की नववी-दहावीची पोरं गाईडातलं 'साधी, सोपी, ओघवती भाषा' लिहून मोकळी होतात. आमच्या कोल्हापुरात एका वर्गावर हे चाललं:

१. बालकवी आणि भा. रा. तांबे यांची एकेक कविता घ्या. कवींची नावं झाका.
२. एकीतली एक ओळ काढून दुसरीत घुसवा. झेरॉक्स काढून बाकागणिक एक द्या.
३. उपरी ओळ शोधायला सांगा. 'ही ओळ हितली न्हाई, सर' एवढ्यावर सोडू नका, कारण विचारा. कवी कोणाशी बोलतोय? क्रियापदं कसली? नुसतं दाखवतोय की विनवतोय? खरं विश्लेषण इथंच होतं, त्यामुळं तासाचा मोठा भाग यालाच द्या.
४. नावं शेवटी उघडा.

बहिणाबाईंची ओळ मात्र सुरुवातीला नको. खानदेशी बोलीमुळं ती लगेच सापडते, डोकं चालवावंच लागत नाही.

आणि दोन्ही कवितांच्या ओळींची लांबी, चाल जुळती बघा. नाहीतर हुशार पोरं मात्रा मोजून ओळ पकडतात आणि कविता वाचतच नाहीत.